गुलाबाची काडी

आमच्या अंगणातल्या गुलाबाला नाव नव्हतं. मोगऱ्याला मोगरा म्हणत, अबोलीला अबोली; पण न्हाणीच्या पाण्यावर वाढलेलं ते काटेरी झुडूप म्हणजे नुसता ‘आईचा गुलाब’. १९४६ साली आई लग्न होऊन निपाणीहून बेळगावला, शहापुरात आली. पहिल्या आषाढात माहेरी गेली आणि परतताना ओल्या फडक्यात गुंडाळून चार काड्या घेऊन आली. त्यांतल्या तीन वाळल्या, एक धरली. त्या एकीचं झुडूप पुढं बहात्तर वर्षं आमच्या अंगणात होतं.

फूल काही प्रदर्शनात मांडावं असं नव्हतं. गडद गुलाबी रंग, पाकळ्यांची दाटी, देठ आखूड आणि मान जराशी लवलेली. फुलदाणीत ठेवावं तर दुसऱ्या दिवशी टेबलावर पाकळ्यांचा सडा. पण वास! सकाळी देवाला वाहिलेलं फूल संध्याकाळी ताम्हनात गळून पडलेलं असे, तरी देवघरात शिरलं की आधी त्याची वार्ता लागे. बहर आला की आई गुलकंद घाली. पाकळ्यांचा एक थर, खडीसाखरेचा एक थर, आणि बरणी गच्चीवर उन्हात. ती बरणी राखायचं काम माझं आणि आक्काचं. राखणदारच चोर होते, हे आईला ठाऊक असावं.

पुष्कळ वर्षांनी एका गुलाबवेड्या स्नेह्यांनी ते फूल हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, “हा एडवर्ड दिसतो.” मी हायस्कुलात विज्ञान शिकवणारा माणूस, नाव मिळाल्यावर स्वस्थ बसवेना. शोधलं तेव्हा कळलं की हे घराणं हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरचं. त्या बेटाचं जुनं नाव बूर्बाँ. तिथं चिनी गुलाब आणि दमास्क गुलाब यांचा संकर झाला आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्याची रोपं जगभर गेली. म्हणून त्या वर्गाला बूर्बाँ गुलाब म्हणतात. १८६७ साली ‘ला फ्रान्स’ नावाचा गुलाब आला आणि तिथून लांब दांड्याच्या, टोकदार कळीच्या आधुनिक गुलाबांचं युग सुरू झालं असं मानतात. त्याआधीचे जे वर्ग, ते ‘जुने गुलाब’. म्हणजे आम्ही ज्याला गावठी म्हणत होतो, तो समुद्र ओलांडून आलेला पाहुणा होता. आईला हे सांगायला हवं होतं, पण तोवर ती गेली होती.

गंमत अशी, की नर्सरीतून आपण जे ऐटबाज कलमी गुलाब आणतो, त्यांच्या पायाशी आपल्याकडं पुष्कळदा हाच एडवर्ड खुंट म्हणून राबत असतो. त्याच्या अंगात चिरा देऊन दुसऱ्याचा डोळा भरतात. वरचा फुलतो, खालचा पाणी ओढतो. खुंटाला स्वतःचा कोंब फुटला की माळी ‘रानफुटवा’ म्हणून उडवून टाकतो. आईचा गुलाब मात्र काडीचा, स्वतःच्या मुळांवर उभा. तो जमिनीसरसा छाटला तरी पुन्हा वर येणार तो तोच.

आई काडी लावायची ती पद्धत अजून डोळ्यांसमोर आहे. नुकतंच फूल येऊन गेलेली, पेन्सिलीएवढी जाड फांदी घ्यायची. फार कोवळी नको, ती कुजते. फार जून नको, ती रुसते. वीतभर लांबी. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरका, वरचा सरळ. तिरका कशाला, तर खालचं-वरचं चुकू नये म्हणून, कारण उलटी लावलेली काडी जगत नाही. “डोळे आभाळाकडं असू देत,” ती म्हणायची. खालचं टोक पातळ शेणात बुडवायचं, वरच्या कापावर शेणाचा छोटा गोळा थापायचा आणि पाऊस लागून राहिला की भिंतीच्या सावलीला खोचायची. नंतर हात लावायचा नाही. मी चोरून उपटून बघायचो. “निजलेल्या पोराला उठवून ‘निजलास काय रे’ विचारतात होय?” असं म्हणून तिनं एकदा पाठीत धपाटा घातला होता.

१९७१ साली आक्का पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. श्रावणात इंदूरला परत निघाली तेव्हा एका हातावर बाळ आणि दुसऱ्या हातात ॲल्युमिनियमचा डबा. डब्यात लाडू असतील असं भावोजींना वाटलं होतं. निघाल्या शेणात बुडवलेल्या सहा काड्या. “बेळगावची माणसं सासरी शेणसुद्धा घेऊन येतात,” असं तिच्या सासूबाई म्हणाल्या म्हणे. त्यांतल्या दोन लागल्या. हे सगळं आक्काच्या पत्रात होतं. त्या काळी ती दर पंधरवड्याला पत्र लिहायची.

आता जे सांगायचं ते लिहिताना पेन जरा अडतंय. आई १९८८ साली गेली, वडील १९९५ साली. १९९७ मध्ये घर माझ्या एकट्याच्या नावावर करायचं ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं. आक्काला काय कमी आहे, तिचं तिकडं स्वतःचं घर आहे, इथं राहणार मी, दुरुस्ती करणार मी. एका परीनं हे सगळं खरंही होतं. मी वकिलाकडून मुखत्यारपत्र करून घेतलं आणि रजिस्टर पोस्टानं इंदूरला पाठवलं. सोबत माझी चिठ्ठी: ‘सोबतच्या कागदावर खूण केलेल्या जागी सही करून परत पाठवावे. कळावे.’ एवढीच. शाळेच्या कारकुनाला लिहावी तशी. पंधरा दिवसांनी कागद सही होऊन परत आला. पाकिटात कागदाशिवाय काही नव्हतं. मी पाकीट उलटं करून झटकलंसुद्धा.

भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. लग्नाकार्यात भेटत होतो, वाकून नमस्कार करत होतो, “बरं आहे?” “बरं आहे.” पत्रं मात्र थांबली ती थांबली. अशी एकवीस वर्षं गेली.

२०१८ साली मुलानं घराचं काम काढलं. वर एक मजला आणि खाली अंगणाच्या जागी गाडी उभी करायला फरशी. अक्षय तृतीयेनंतर सुरुवात करायची होती. गुलाब वाटेत येत होता. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, काही काळजी करू नका, मी काड्या लावून घेतो. आता शेणबीण कशाला? आता संजीवक आहे!

संजीवक हा शब्द आपल्या शेतीखात्याच्या पुस्तकांनी फार मोठा करून ठेवला आहे. ऐकलं की डोळ्यांसमोर द्रोणागिरी घेऊन उडणारा मारुतीच येतो. प्रत्यक्षात ती शंखजिऱ्याची पांढरी पूड असते आणि तिच्यात चिमटीएवढं द्रव्य मिसळलेलं असतं, इंडोल ब्युटिरिक ॲसिड. झाडाच्या शेंड्यात याच जातीचं एक द्रव्य आपोआप तयार होऊन खाली सरकत असतं. फांदी कापली की ते कापाशी येऊन साठतं आणि तिथल्या पेशींना मुळं धरायला सांगतं. काडी उलटी लावली की का लागत नाही, त्याचं उत्तर बरंचसं यातच आहे. पूड करते ती एवढंच, की तो सांगावा जरा मोठ्यानं देते. ज्या काडीत जीव नाही तिला ती जीव देत नाही. आणि फार मोठ्यानं ओरडलं की माणूस जसा गोंधळतो, तशी काडीही गोंधळते. प्रमाण जास्त झालं की खालचं टोक काळं पडतं आणि डोळे फुटायचे राहतात.

हे मी मुलांना शिकवत आलो होतो. तरीही मी काय केलं पाहा. डबी घेतली ती शाळेच्या बागेसाठी कधीकाळी आणलेली, बरीच वर्षं कपाटावर उन्हाच्या झळीत पडलेली. या पुडीला ऊन, उजेड आणि ओल तिन्ही वर्ज्य. मिळतात त्या डब्यांवर क्रमांक असतात, कोवळ्या लाकडाला सौम्य, जून लाकडाला कडक. माझी होती सर्वांत कडक, आणि काड्या अर्धवट जून. जुनी आहे तेव्हा जोर कमी झाला असेल, असा हिशेब करून मी काड्या पाण्यात भिजवून थेट डबीतच खुपसल्या आणि पिठात घोळवलेल्या भज्यांसारख्या जाड लेपानं मातीत दाबल्या. वरून प्लास्टिकची पिशवी बांधली, दमटपणा राहावा म्हणून. महिना मार्चअखेरचा. दुपारचं ऊन दोन तास त्या पिशवीवर येत होतं, हे चौथ्या दिवशी लक्षात आलं. आत चोवीस काड्या वाफवून निघाल्या होत्या. दहाव्या दिवशी सगळ्या खालून शिसपेन्सिलीसारख्या काळ्या.

दुसऱ्यांदा लावायला फांद्याच उरल्या नव्हत्या. होत्या त्या चोवीसांत गेल्या होत्या. झुडूप मुळासकट काढून पिंपात बसवावं म्हणून दोन गड्यांना लावलं. बहात्तर वर्षांचं मूळ ते, न्हाणीच्या दगडाखाली शिरलेलं. ओढताना बुंधा चिरफाळला. तरी मनात होतं, स्वतःच्या मुळांवरचं झाड आहे, जमिनीत राहिलेला तुकडा पावसाळ्यात डोकं वर काढील. पण पावसाळ्याआधी काँक्रीट आलं. दुपारी मी आत झोपलो होतो. उठून बाहेर आलो तर अंगण करड्या रंगाचं, सपाट, आणि त्यावर आमच्या मांजराच्या पावलांची रांग उमटलेली.

मी कोणाला काही बोललो नाही. सौ. म्हणाली, “नर्सरीतून दुसरा आणू या.” तिचा हेतू चांगला होता.

जूनमध्ये मृगाचा पाऊस लागला त्या संध्याकाळी मी इंदूरला फोन केला. कोणाचं लग्न नाही, कोणाची बातमी नाही, असा माझा फोन एकवीस वर्षांत पहिलाच.

“आक्का, तुझ्याकडं आईचा गुलाब आहे काय ग?”

“आहे की. का रे?”

मी सांगितलं. पलीकडं बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग ती म्हणाली, “चोवीसच्या चोवीस?” आणि हसली. हसताना आवाज अगदी आईसारखा. “आता श्रावणात येऊन जा. आणि तुझं ते औषधही घेऊन ये, बघू तरी.” पन्नास वर्षं तिकडं काढून तिच्या मराठीत ‘येऊन जा’, ‘करून टाक’ असलं पुष्कळ शिरलंय, पण रागवायची वेळ आली की ती शुद्ध शहापूरची होते. मी पोचलो त्या दिवशी दारातच म्हणाली, “काय करूलालास तिथं उभा राहून? आत ये की!”

रामबागेतल्या त्यांच्या घरामागं तो गुलाब होता. माळव्याच्या काळ्या मातीत आमच्यापेक्षा दुप्पट वाढलेला, पण फूल तेच, मान लववण्याची तऱ्हा तीच. बीचं रोप म्हणजे झाडाचं पोर. काडीचं झाड म्हणजे तेच झाड. हे वर्गात फळ्यावर लिहिणं वेगळं आणि असं समोर बघणं वेगळं. मी नाक खुपसून बराच वेळ उभा होतो. आक्का म्हणाली, “बरणी नाही ठेवलेली तिथं.”

आम्ही चोवीस काड्या कापल्या. बारा तिच्या, बारा माझ्या. या वेळी डबी नवीन होती, सौम्य क्रमांकाची. थोडी पूड कागदावर काढून घेतली, डबी लगेच बंद. काडीचं खालचं अर्धं इंच फक्त टेकवायचं आणि टिचकी मारून जास्तीची झटकायची. नर्मदेची वाळू आणि नारळाचा भुसा निम्मेनिम्मे. आधी पेन्सिलीनं भोक पाडून मगच काडी आत. थेट खोचली तर पूड वरच पुसली जाते. वरची दोन पानं ठेवायची, खालची काढायची. पाण्याच्या बाटल्यांचे बूड कापून त्या प्रत्येक काडीवर पालथ्या घातल्या आणि सगळं उत्तरेच्या भिंतीच्या सावलीत. आक्काच्या बारा काड्यांना शेजारच्या गोठ्यातलं ताजं शेण.

काम करता करता मी तिला मास्तरकी सुनावत होतो. या जातीचं द्रव्य शुद्ध स्वरूपात आधी सापडलं ते माणसाच्या मूत्रात. १९३४ साली उट्रेख्टमध्ये क्यूगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते वेगळं काढलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत झिमरमन आणि विल्कॉक्सन यांनी दाखवलं, की आपल्या डबीतलं द्रव्य मुळं फोडायला समर्थ आहे. शेणातले काही जिवाणूही मूळचं द्रव्य बनवतात.

“म्हणजे गोठ्यातच होतं की सगळं,” आक्का म्हणाली. “आईनं चार यत्तांत जे ओळखलं त्याला तुम्हाला अमेरिका लागली.”

मी वाद घातला नाही. आणि का कोण जाणे, तेवढ्यात तोंडून निघालं, “आक्का, ते सत्त्याण्णव सालचं…”

ती शेणाचे हात पुढं धरून बसली होती. वर न बघता म्हणाली, “जागा नको होती रे मला. ‘आक्का, कशी आहेस’ एवढं तरी लिहायचं होतंस.”

मी हातातली काडी झटकत राहिलो. सगळी पूड गेली तरी झटकत होतो. ती काडी पुढं लागली नाही; कुठली ते मला माहीत होतं, डावीकडून चौथी.

बेळगावला परतल्यावर दर रविवारी फोन. दोन आठवड्यांत ती ओरडलीच, “कोंब फुटले रे! तुझे नऊ, माझे दहा!” मी म्हटलं, हुरळू नको. काडी आधी पोटातल्या साठ्यावर पानं काढते, मुळं नसली तरी. साठा संपला की एका दुपारी मान टाकते. तसंच झालं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एकेक कमी होत गेली आणि ती फोनवर नावं घेतल्यासारखी क्रमांक सांगायची. एकदा रागानं एक काडी उपटलीच तिनं. “खाली मूळबीळ काही नाही, नुसती पांढरी गाठ आहे.” ती गाठ म्हणजे जखम भरून येताना धरलेला थर; त्यानंतर मुळं येतातच असं नाही, पण बहुधा येतात. “म्हणजे जिवंत होती?” “होती.” पलीकडं शांतता. मग म्हणाली, “आईचा धपाटा खायला मी पण हवी होते.” रविवारचा फोन काड्यांवरून सुरू व्हायचा, मग तिच्या गुडघ्यांवर यायचा, मग शहापुरातल्या कोणाकोणाची चौकशी, आणि तासाभरानं पुन्हा बाटल्यांची टोपणं कधी सैल करायची इथं येऊन थांबायचा.

दिवाळीला हिशेब झाला. पुडीच्या बारांतल्या आठ, शेणाच्या बारांतल्या पाच. पुडीवाल्यांना चौफेर दाट मुळं, दाढीच्या ब्रशासारखी; शेणवाल्यांना मोजकी, पण लांब. चोवीस काड्यांवरून काही सिद्ध होत नाही, हे मी जन्मभर मुलांना सांगितलेलं. आक्काला सांगितलं तर म्हणाली, “सिद्ध कोणाला करायचंय? आईची चारांतली एकच लागली होती.”

डिसेंबरात भाचा तीन रोपं घेऊन आला. अंगण उरलं नव्हतं, म्हणून गच्चीवर अर्ध्या कापलेल्या पिंपात लावली, जिथं पूर्वी गुलकंदाची बरणी असे त्या कोपऱ्यात. पहिल्या कळ्या खुडायच्या असतात, नाहीतर मुळांचं बळ फुलात जातं. मी दोन खुडल्या, तिसरी खुडायला हात झाला नाही. फूल आलं तेव्हा आक्काला पत्र लिहिलं. फोन हाताशी होता, तरी पत्रच. त्यात एक पाकळी घातली. ती पोचेपर्यंत काळी झाली असणार.

हे सगळं लिहायला बसलो त्याला कारण घडलंय. इंदूरचा गुलाब गेला. शेंड्याकडून फांद्या काळ्या पडत खाली आल्या. छाटून बघितलं, औषध मारून बघितलं, शेवटी बुंधाही गेला. तिच्याकडची बाकीची रोपं तिनं तेव्हाच महिला मंडळात वाटून टाकली होती. “माझं झाड आहे की, मला कशाला?” आता शोधायला गेली तर एक गाईनं खाल्लेलं, एक फ्लॅटच्या बाल्कनीत उन्हावाचून वाळलेलं, बाकीच्यांची घरंच बदललेली. परवा फोन आला. “श्रावण आहे, काड्या पाठवून दे. आणि तुझी पावडर नको, मी शेणातच लावीन. दिसत नाही नीट आता, पण शेण हाताला कळतं.”

आज पहाटे बारा काड्या कापल्या. वरच्या कापांवर मेण लावलं. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून वर प्लास्टिक, त्यावर फडकं, आणि सगळं एका ॲल्युमिनियमच्या डब्यात. हा डबा तो नव्हे, तो तिकडंच राहिला. भाचा सध्या पुण्यात असतो. तो रात्री इथून निघेल आणि पुण्याहून पुढं इंदूरच्या गाडीत बसेल. तळाशी, तिनं नको म्हटली तरी, नवीन डबी ठेवली आहे, काळ्या कागदात बांधून. वर एक चिठ्ठी. तिची दृष्टी अधू झाली आहे, म्हणून फळ्यावर लिहायचो तेवढ्या मोठ्या अक्षरात लिहिली. पान पुरलं नाही, तेव्हा पहिलीच ओळ तेवढी राहू दिली: ‘आक्का, कशी आहेस?’